दाजींच्या जोडातली रेघ

ज्या कामात वाट बघणं जास्त, तिथं किस्से आपोआप साठतात. आमच्या लॅबमधलं एक मशीन लोखंडाची काडी इतकी सावकाश ओढतं, की त्याच्यापुढे घड्याळाचा तासकाटासुद्धा पळतोय असं वाटावं. आज सकाळी लावलेली काडी कधीकधी उद्या दुपारी तुटते. तोवर माणसं काय करणार? बोलणार! मी स्वतः बोलणाऱ्यातला नाही. चार माणसं जमली की माझी मान खाली जाते. पण ऐकतो सगळं, आणि ऐकलेलं विसरत नाही.

लॅब म्हणजे सुदुंबऱ्याच्या बाजूची एक पत्र्याची शेड. आम्ही तिघं. केतकी मॅडम धातूचं शिकलेल्या, तळेगावहून स्कूटरवर येतात. आबा मशीनवर असतात. उभं आयुष्य कारखान्यात गेलं, आणि अजून भाताची खाचरंही स्वतः बघतात. तिसरा मी, नवनाथ. नववीनंतर शाळा सुटली. माझं काम तुकडे घासायचं. पाइपाचा तुकडा खरखरीत पॉलिश कागदावर, मग मखमलीवर घासून आरशासारखा केला, की मायक्रोस्कोपखाली त्याच्या पोटातलं दिसतं.

यंदाचे सगळे किस्से एकाच कामाचे आहेत. लोणावळ्याकडून मावळात उतरणारी एक गॅसची लाइन. पुढे त्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायचा आहे. हायड्रोजनची खोड अशी, की तो पोलादाच्या आत शिरतो आणि चांगलं वाकणारं पोलाद काचेसारखं तडकायला लागतं. कुठलं तडकेल आणि कुठलं टिकेल, ते आम्ही सांगायचं.

आता घ्या! ही लाइन आबांच्या खाचराखालून जाते. आणि तिचे जोड मारणाऱ्या वेल्डरांपैकी एक माझ्या ताईचा नवरा, विष्णूदाजी. दाजींचा जोड आमच्याकडे नापास झाला, तर दाजी लाइनवरून खाली. आणि कच्चा जोड आम्ही पास केला, तर... हे वाक्य आमच्या शेडमध्ये कोणी पुरं करत नाही.

*

या लाइनचा पहिला तुकडा मी घासला, तेव्हा मॅडमनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. म्हणाल्या, "काय दिसतं?"

मला वाटलं, परीक्षा आहे. इंग्रजी नाव विचारतायत.

"नाव नको. दिसतं ते सांग."

मी म्हणालो, "पट्टे आहेत. एक पांढरा, एक काळा. आबांच्या लुंगीसारखे."

आबा तिकडून ओरडले, "माझी लुंगी कुटं बघितलीस रं तू मशीनमधी?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर! पांढरा पट्टा मऊ, काळा त्याहून कडक. पाइप लाटताना दाणे असे ओळीत बसतात. हायड्रोजन त्या ओळीओळीनं पुढे सरकतो. दाणे जितके बारीक आणि एकमेकांत गुंतलेले, तितकी त्याची वाट अवघड."

मग जरा थांबून म्हणाल्या, "शिकलेली माणसं बऱ्याचदा पुस्तकात वाचलेलं बघतात. तू दिसलेलं सांगतोस. हे सोडू नकोस."

त्या दिवशी मी घरी गेलो तो चालत नव्हतो, तरंगत होतो! पण हे वाक्य पुढे मला किती जड जाणार आहे, ते तेव्हा कळलं नव्हतं.

*

आमच्याकडे एक रीत आहे. काडीला ताण लावला, भोवतीच्या पाण्यातून तिच्यात हायड्रोजन सोडायला सुरुवात झाली, की वेळ भरेपर्यंत "टिकली" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. मॅडमसुद्धा नाही. त्या म्हणतात, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण उच्चारत नाहीत!

लाइनच्या कंपनीचे राऊत साहेब एकदा एक नवं पोलाद घेऊन आले. सगळ्यात दणकट म्हणे. पाइप पातळ ठेवला तरी चालेल, काम लवकर उरकेल. काडी लावली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी साहेब चहाचा कप घेऊन मशीनसमोर उभे राहिले.

"बघा! मी म्हणालो नव्हतो? टिकली."

टक्!

एवढासाच आवाज. पेन्सिलीचं टोक मोडावं तसा. साहेबांचा चहा शर्टावर. काडीचे दोन तुकडे, आणि तुटलेली जागा साखरेच्या खड्यासारखी चमचम करणारी. चांगलं पोलाद आधी ओढलं जातं, बारीक होतं, मग तुटतं. हे बारीकही झालं नव्हतं.

आबांनी तुकडा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "साहेब, पैलवान आनलात खरा, पन त्याला दमा निघाला!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताकद किती, एवढं विचारून भागत नाही, साहेब. आतून कसं बांधलंय, तेही विचारायचं." मग तो तुकडा त्यांनी मला घासायला दिला. आत सगळ्या सुया. उभ्या, आडव्या, तिरक्या, एकमेकींत खुपसलेल्या. मॅडम म्हणाल्या, "ही सुईची बांधणी नीट लक्षात ठेव, नवनाथ. ही जिथं दिसेल तिथं थांबायचं."

*

राऊत साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांना घाई असते, आणि घाईत माणूस दुसऱ्याची चूक आधी शोधतो.

नेहमीच्या पोलादाच्या एकाच पाइपाचे दोन तुकडे आमच्याकडे होते. एक मधला, एक वेल्डजवळचा. मधला ठणठणीत. वेल्डजवळचा अर्ध्या वेळेतच तुटला. साहेबांनी कागद टेबलावर आपटला.

"एकच पाइप, एकच पोलाद, सगळं रसायन सारखं! मग निकाल दोन कसे? तुमच्या माणसाने तुकडे बदललेत."

तुमचा माणूस म्हणजे मी. मला बोलायचं होतं. तुकडा हातात आला की मी आधी त्याच्यावर खूण ठोकतो, ती खूण दाखवायची होती. पण जीभ टाळूला चिकटली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आबा माझ्याकडे बघत होते, आणि मी फरशीकडे.

शेवटी काय केलं? दोन्ही तुकडे उचलले, साहेबांसमोर बसलो आणि पहिल्यापासून घासायला घेतले. जाड कागद, बारीक कागद, त्याहून बारीक. साहेब तासभर उभे! मला बोलता येत नव्हतं म्हणून मी घासत होतो, आणि त्यांना वाटलं हा हट्टाला पेटलाय.

मग दोन्ही मायक्रोस्कोपखाली ठेवले. दोन्ही तुकड्यांच्या पाठीवर कारखान्याने ठोकलेला पाइपाचा नंबर होता, एकच. जुळवून दाखवला. साहेबांनी आत पाहिलं. मधल्यात दाणे, वेल्डजवळच्यात सुया.

"हे... हे एकाच पाइपाचं?"

आबा म्हणाले, "व्हय साहेब. एकाच आईची दोन. एक सावकाश निवालं, एक घाईनं. घाईचं असंच व्हतं!"

त्या दिवसापासून साहेब मला नावाने हाक मारायला लागले.

*

ताईचं सासर लोहगडवाडीला. शनिवार-रविवार किल्ल्यावर येणाऱ्यांना ती पिठलं-भाकरी घालते. एका रविवारी मी गेलो, तेव्हा दाजी घरी होते. दाजी म्हणजे मोठा आवाज, मोठे हात, आणि वेल्डिंगमध्ये मावळात कोणाला ऐकायचे नाहीत. पाणी वाढून माझ्यासमोर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पाव्हनं, आमचा तुकडा येतोय बरं का तुमच्याकडं! जरा मायेनं घासा!"

लाइनवर अशी पद्धत आहे, की काही जोडांमागे एक जोड जमिनीत न घालता कापून आमच्याकडे पाठवतात. त्याच दिवशीचा, त्याच माणसाने, त्याच वेल्डिंग रॉडने मारलेला. त्यावर नाव नसतं, वेल्डरचा नंबर असतो. तो पास तर बाकीच्यांवर विश्वास.

ताई हसली. शेजारच्या बाकावरचे ट्रेकवालेसुद्धा हसले, काही न कळता. मी गरम पिठलं तोंडात टाकलं आणि जीभ भाजून घेतली.

निघताना ताई दारात आली. हळूच म्हणाली, "ह्यांचं हितं बस्तान बसलं रं. न्हाईतर परत गुजरातेत जायाचं म्हंतेत. बघ जरा."

काय बघू? ती काही खोटं कर म्हणत नव्हती. पण खरं कर, असंही म्हणत नव्हती.

सोमवारी लॅबमध्ये गेल्या गेल्या मॅडमना सांगायला हवं होतं की सात नंबरचा वेल्डर माझा दाजी आहे, त्याचा तुकडा मला देऊ नका. दारात दोनदा गेलो. दोनदा परत फिरलो. मॅडमनी विचारलं, "काही हवंय?" मी म्हणालो, "ब्रश." ब्रश घेऊन आलो. ब्रश माझ्याकडे आधीच तीन होते!

*

मंगळवारी तुकडा आला. सात नंबर.

कागद झाले. मखमलीवर घेतला. पुसून मायक्रोस्कोपखाली ठेवला, आणि वेल्डच्या कडेला एक रेघ दिसली. केसाहून बारीक.

आधी वाटलं, माझाच ओरखडा. ओरखडे पडतात. पण ओरखडा सरळ जातो, ज्या दिशेनं हात जातो त्याच दिशेनं. ही रेघ वळत होती. थोडी सरळ, मग डावीकडे, मग पुन्हा सरळ. तुकडा आडवा फिरवून परत घासला. ओरखडे गेले, रेघ तिथंच. पुन्हा घासला. तिथंच.

आता तुम्हाला आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो, जी रिपोर्टात कधी येत नाही. अशी चीर कधीकधी तांदळाच्या दाण्याएवढीच लांब असते. तुकडा जाड कागदावर घेऊन आणखी दहा मिनिटं घासला, की ती संपते. खालचं लोखंड स्वच्छ निघतं. फोटो सुंदर येतो. आणि घासणारा सोडून जगात कोणाला कळत नाही.

मी जाड कागद चाकावर लावला. चाक सुरू केलं. पाणी सोडलं. तुकडा हातात होता. कागद आणि तुकडा यांच्यात बोटभर अंतर असेल. डोळ्यासमोर ताई दारात उभी.

मागून आबांचा आवाज आला, "नव्या, काय झालं रं?"

"काही नाही."

"काय न्हाई, तर मग चाक कशापायी फिरतंय?"

मी चाक बंद केलं.

मॅडमच्या टेबलाजवळ गेलो. आवाज निघेना. तुकड्याला बांधायची चिठ्ठी घेतली आणि तिच्या मागे लिहिलं: 'रेघ आहे. वेल्डर माझे दाजी आहेत.' चिठ्ठी पुढे सरकवली.

मॅडमनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "एक गोष्ट वेळेवर सांगितलीस. दुसरी सोमवारी सांगायची होती."

*

मॅडमनी तो तुकडा माझ्याकडून काढून कुलपात ठेवला. म्हणाल्या, "याच जोडाचा दुसरा तुकडा कापू. पण तो तू घासायचा नाहीस. आबा, तुम्ही घ्या."

आबा म्हणाले, "मॅडम, लाइन माझ्या खाचराखालनं जाती. ह्याचं त्यात अडकलंय तसं माझंबी अडकलंय. मीबी सोयराच की!"

"मग इथं परकं कोण आहे?"

आबांनी नुसतं त्यांच्याकडे बोट केलं.

मॅडमनी बाह्या सारल्या. डिग्री घेताना कधीतरी घासलं असेल, तेवढंच! पहिल्याच कागदावर बोटाचं सालटं गेलं. मला त्यांनी शेडच्या दाराबाहेर उभं केलं होतं, हात लावायचा नाही म्हणून. आतून विचारायच्या, "नवनाथ, यानंतर कुठला कागद?"

मी बाहेरून सांगायचो, "मागच्या कागदाचे ओरखडे गेले का?"

"गेले वाटतं."

"वाटतं म्हणजे राहिलेत, मॅडम."

आतून परत घासण्याचा आवाज. आबा मशीनपाशी तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, यात नको निघू दे. दुसऱ्या क्षणी म्हणत होतो, असेल तर निघू दे. बाहेर उभं राहून किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग घासण्याचा आवाज थांबला.

"ये आत."

रेघ यातही होती. मॅडमनी वरून हलकं ॲसिड लावलं, तसे आतले दाणे उमटले. रेघ बरोबर सुयांच्या पट्ट्यातून गेली होती. शेजारच्या मऊ दाण्यांत शिरताच ती थांबली होती. त्यांनी कडकपणा बघायला हिऱ्याच्या टोकाने खळगे पाडले. मऊ जागी मोठा खळगा, सुयांच्या जागी अगदी चिमुकला. लोखंड जितकं कडक, खळगा तितका लहान. आता शंका उरली नाही. ही हायड्रोजननंच पाडलेली चीर.

मॅडम बोटाला पट्टी लावत म्हणाल्या, "दोघांना बोलाव. साहेबांनाही, आणि दाजींनाही."

*

दोघं एकदमच आले. दाजी शेडच्या दारात थांबले, चपला काढू की नको अशा विचारात. माझ्याकडे बघितलं. मी बघू शकलो नाही.

मॅडमनी सगळं सांगितलं. साहेब लगेच म्हणाले, "पण लाइनमध्ये अजून गॅसच नाही! हायड्रोजन आला कुठून?"

"तोच प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "विष्णूभाऊ, रॉड कसे ठेवता?"

"ओव्हनमधी ठेवतो की, मॅडम. गरम, कोरडं. तसाच नेम हाय."

"ओव्हनमध्ये रॉडशिवाय दुसरं काही?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढचं जेमतेम ऐकू आलं.

"हातमोजं."

"काय?"

"आमी भुशी धरणाच्या वरल्या अंगाला हावोत. तितं ढग तंबूतनंच जात्यात. आठ-आठ दिस काय वाळत न्हाई. वलं हातमोजं घालून रॉड धरला की करंट बसतो, मॅडम. मग ते ओव्हनमधी वाळाय टाकायचो. गरम जागा तेवडी एकच."

मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. हातमोज्यातलं पाणी वाफ होऊन रॉडवरच्या लेपात गेलं. वेल्डिंगच्या ठिणगीत त्या पाण्याचा हायड्रोजन सुटला आणि जोडात शिरला. वरून गार, ओला वारा. जोड झटकन निवाला आणि कडेला सुया झाल्या. नुसता हायड्रोजन असता किंवा नुसत्या सुया असत्या, तर कदाचित निभावलं असतं. दोन्ही एका जागी भेटले.

आबा डोकं खाजवत म्हणाले, "करंट लागू नये म्हनून केलं, आन् हे असं झालं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. फाइल मिटली. "ठीक आहे. हा जोड नापास. ओव्हन बदलू, तंबू बदलू, विष्णूची परत परीक्षा घेऊ. विषय संपला. जमिनीत गेलेले सगळे जोड एक्स-रेमध्ये पास आहेत."

दाजी तोवर मायक्रोस्कोपपाशी गेले होते. वाकून एक डोळा मिटून बघत होते. मी त्यांना स्क्रू फिरवून दिला, रेघ स्पष्ट झाली. तरी बराच वेळ ते वर झाले नाहीत. आपलंच काम माणूस असं आतून कधी बघत नाही.

तसेच वाकलेले असताना त्यांनी विचारलं, "मॅडम, ही चीर जोड मारल्याबरुबर पडती?"

"नाही. हायड्रोजनची चीर सावकाश पडते. कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर."

"आन् एक्स-रे कवा काढत्यात, साहेब?"

साहेबांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "त्याच संध्याकाळी. तुला माहीत आहे."

दाजी सरळ झाले. आबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग साहेबांकडे वळून म्हणाले,

"जोड नंबर अठरा, एकोनीस, ईस आन् तेवीस. त्याच ओव्हनच्या रॉडनं मारल्यात, जमिनीत गेल्यात. उकरा."

साहेब खुर्चीतून उठले. "अरे विष्णू, शुद्धीवर आहेस का? ते सगळे तुझे जोड आहेत!"

"म्हनून तर नंबर पाठ हायेत, साहेब."